मेमकॉपीची उलटी चाल: फेडोरा १४ मधला बिघडलेला आवाज आणि बफरमधली सरकासरकी

सप्टेंबर २०१० च्या अखेरीस रेड हॅट या कंपनीच्या बगझिलावर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांच्या तक्रारवहीवर, ६३८४७७ क्रमांकाची एक तक्रार दाखल झाली. फेडोरा या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची १४ वी आवृत्ती तेव्हा चाचणीच्या टप्प्यात होती. तक्रार साधी होती: फ्लॅश या ब्राउझर प्लगइनवर चालणाऱ्या साइटवर एमपीथ्री वाजवलं की आवाज विचित्र येतो. आधीच्या फेडोरावर हे होत नव्हतं. २ नोव्हेंबर २०१० ला फेडोरा १४ अधिकृतपणे बाहेर पडली आणि हा त्रास बऱ्याच जणांच्या कानावर आला. त्या काळी वेबवरचं गाणं असो वा व्हिडिओ, बहुतेक सगळं फ्लॅशमधूनच चालायचं.

असं काही झालं की पहिला संशय साउंड ड्रायव्हरवर जातो, मग पल्सऑडिओ या आवाज हाताळणाऱ्या सर्व्हिसवर, मग फ्लॅशवर. इथे मूळ निघालं ते आवाजाशी काडीचा संबंध नसलेल्या ठिकाणी: सी लायब्ररीतल्या मेमकॉपी या फंक्शनमध्ये. बाइट इथून उचलून तिथे ठेवायचे, एवढंच त्याचं काम. त्या कामाचा निकाल बदललेला नव्हता. ते कोणत्या टोकापासून सुरू करायचं, एवढंच बदललं होतं. सी शिकवताना बफर, म्हणजे माल तात्पुरता ठेवायची जागा, हा विषय निघाला की मी हे प्रकरण पूर्ण सांगतो, कारण बफरमधला माल सरकवणं आणि बाहेर ढकलणं या रोजच्या कामांत कुठे पाय घसरतो ते यात स्वच्छ दिसतं.

बफर का सरकवावा लागतो

ऑडिओ प्लेअर असो, सीरियल पोर्टवरून वाचणारा प्रोग्राम असो की वेब सर्व्हर, रचना साधारण एकच असते. ठरावीक लांबीचा एक अ‍ॅरे घ्यायचा. माल शेपटाकडून आत येतो, तोंडाकडून वापरला जातो. वापरून झालेला भाग तोंडाशी रिकामा पडतो, शेपटाकडे जागा संपते. मग उरलेला माल उचलून अ‍ॅरेच्या सुरुवातीला आणायचा आणि मागे मोकळी झालेली जागा नव्या मालाला द्यायची. यालाच आपण बफर शिफ्ट करणं म्हणतो.

हे करायला सीमध्ये दोन फंक्शनं हाताशी आहेत, मेमकॉपी आणि मेममूव्ह. दोघांना सारखेच तीन आर्ग्युमेंट लागतात: कुठे, कुठून, किती. फरक एका अटीचा आहे. १९८९ च्या पहिल्या सी स्टँडर्डपासून नियम असा, की मेमकॉपीला दिलेले दोन पट्टे, म्हणजे मेमरीचे सलग तुकडे, एकमेकांवर चढलेले असतील तर पुढे काय होईल याची कुठलीच हमी नाही. मेममूव्हला मात्र सगळा माल आधी तात्पुरत्या जागी काढून मग ठेवल्यासारखा निकाल द्यावाच लागतो. १९९९ च्या स्टँडर्डने तर मेमकॉपीच्या दोन्ही पॉइंटरांवर रिस्ट्रिक्ट ('या दोन जागा एकमेकांवर चढत नाहीत' असं वचन) हा शब्द चढवला, म्हणजे अट थेट प्रोटोटाइपमध्ये आली.

आता बफर शिफ्ट करताना दोन्ही पट्टे एकाच अ‍ॅरेत असतात. ते एकमेकांवर चढायची शक्यता इथे सर्वांत जास्त. तरीही वर्षानुवर्षं लोकांनी इथे मेमकॉपी वापरली आणि ती चालली. ती का चालली, हे समजून घेण्यासारखं आहे.

दहा घरांचा बफर

दहा बाइटांचा बफर घेऊ. शून्यापासून नऊपर्यंत घरं, त्यांत क ख ग घ च छ ज झ ट ठ. पहिली तीन अक्षरं वापरून झाली. उरलेली सात, म्हणजे ३ ते ९ या घरांतली, ० ते ६ या घरांत आणायची आहेत. हवा असलेला निकाल: घ च छ ज झ ट ठ.

जुनी मेमकॉपी पुढून सुरू करायची. ० मध्ये घ, १ मध्ये च, २ मध्ये छ. मग ३ क्रमांकाच्या घरात ज लिहिलं जातं. तिथे आधी घ होता, पण तो केव्हाच पुढे पोचला आहे. असंच करत सातही अक्षरं जागेवर येतात. नियम मोडला आहे, पण निकाल बरोबर.

आता तेच मागून करू. ६ मध्ये ९ मधला ठ, ५ मध्ये ८ मधला ट, ४ मध्ये ७ मधला झ. इथवर ठीक. पुढे ३ मध्ये ६ मधलं अक्षर आणायचं. तिथे ज असायला हवा होता, पण आपण आताच त्यावर ठ लिहिला आहे. म्हणून ३ मध्ये ठ. २ मध्ये ५ मधला, म्हणजे ट. १ मध्ये ४ मधला झ. ० मध्ये ३ मधला, तोही ठ. हातात येतं ते असं: ठ झ ट ठ झ ट ठ. पहिली चार अक्षरं कायमची गेली आणि शेवटची तीन पुन्हा पुन्हा उमटली.

पंगतीत एका टोकाचं पान रिकामं झालं आणि सगळ्यांनी एकेक पान सरकायचं ठरवलं, तर रिकाम्या पानाशेजारच्याने आधी उठावं लागतं. दुसऱ्या टोकाचा आधी उठला तर तो कुणाच्या तरी मांडीवरच बसणार. तोंडाकडे सरकवताना पुढून सुरुवात हवी, शेपटाकडे सरकवताना मागून. मेममूव्ह दोन पत्त्यांची तुलना करते आणि दिशा ठरवते. मेमकॉपीवर ती जबाबदारीच नाही.

खरी फंक्शनं एकेक बाइट नेत नाहीत, सोळा-सोळा बाइटांचे गठ्ठे रजिस्टरमधून नेतात, त्यामुळे नासाडीचा नेमका आकार वेगळा दिसतो. पण तिचा स्वभाव हाच. आणि बघा, यात अ‍ॅरेच्या बाहेर एकही बाइट लिहिला गेला नाही. सेगमेंटेशन फॉल्ट नाही, एरर कोड नाही, क्रॅश नाही. आत फक्त चुकीचा माल आहे. तो माल आवाजाचे नमुने असतील, तर त्याची खबर पहिल्यांदा कानालाच लागणार.

दिशा का बदलली

२०१० मध्ये जीलिबसीत, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरांसाठी नवी मेमकॉपी आली. एसएसएसई३ (एकावेळी बरेच बाइट हाताळणाऱ्या) सूचना वापरणारी, आणि कोअर आय७ घराण्यावर मागून पुढे येणारी. हा कुणाचा लहरीपणा नव्हता. प्रोसेसर आधीचं लेखन पुरं व्हायच्या आत पुढचं वाचन सुरू करू पाहतो. ते सुरक्षित आहे का, हे ठरवताना तो पूर्ण पत्ता तपासत नाही, खालचे काही बिट पाहतो. वाचायचा पत्ता आणि नुकताच लिहिलेला पत्ता ४०९६ बाइटांच्या पानात जवळपास एकाच जागी पडत असतील, तर पानं वेगळी असूनही तो दोन्ही एकच समजतो आणि थांबून राहतो. पुढून कॉपी करताना पत्त्यांच्या काही जोड्यांत हे पुन्हा पुन्हा घडतं. मागून केली की टळतं. लिनक्स कर्नलच्या मेमकॉपीतही त्याच वर्षी याच कारणासाठी असा बदल आला होता.

कोणती मेमकॉपी वापरायची हे प्रोग्राम सुरू होताना, समोरचा प्रोसेसर पाहून ठरायचं. म्हणून तीच फेडोरा, तोच फ्लॅश, पण एका लॅपटॉपवर आवाज स्वच्छ आणि शेजारच्या नव्या लॅपटॉपवर बिघडलेला. 'माझ्याकडे तर चालतंय' या वाक्यामागे इतकं ठोस कारण क्वचितच सापडतं.

फ्लॅशचा सोर्स बंद होता, त्यामुळे चूक कोणत्या ओळीत आहे हे कुणी उघडून दाखवू शकत नव्हतं. पण मेमकॉपीला मिळणारे पत्ते बाहेरून पाहता येतात. तक्रारीत सामील झालेल्यांनी ते पाहिले आणि पट्टे एकमेकांवर चढत असल्याचं दिसून आलं.

चूक कुणाची

इथून वाद पेटला, आणि तो मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. लायब्ररीच्या बाजूचं म्हणणं सरळ होतं: नियम एकवीस वर्षं जुना आहे, मॅन्युअलमध्ये लिहिलेला आहे, मोडला तो फ्लॅशने. लायब्ररीत दोष नाही.

लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या स्वतःच्या मशीनवर हाच त्रास होता आणि तेही या तक्रारीत उतरले. त्यांनी पुढून कॉपी करणारी एक छोटीशी मेमकॉपी लिहिली आणि एलडी प्रीलोड या, इतरांच्या आधी आपली लायब्ररी लोड करायच्या सोयीने, ती फ्लॅशच्या आधी घुसवली. आवाज सुधारला. म्हणजे निदानही पक्कं झालं आणि लोकांना तात्पुरता उपायही मिळाला. त्यांचा मुद्दा असा होता, की साध्या वापरणाऱ्याला स्टँडर्डमधल्या कलमाशी देणंघेणं नाही. काल वाजत होतं, आज वाजत नाही, एवढंच त्याला कळतं. ज्या लायब्ररीवर सगळी सिस्टीम उभी आहे तिने चालत्या प्रोग्रामांखालची जमीन अशी सरकवू नये, आणि मेमकॉपीला मेममूव्हसारखं वागवलं तर बिघडतं काय?

माझं मत विचाराल तर कलमाच्या बाबतीत लायब्ररीवाले बरोबर होते आणि परिणामाच्या बाबतीत लिनस. सोर्स हातात असलेल्या प्रोग्रामबद्दल 'नियम वाचा' हे उत्तर चालतं. बंद सोर्सचा, लाखो मशीनांवर आधीच जाऊन बसलेला प्रोग्राम नियम वाचायला परत येत नाही.

तोडगा २०११ च्या मध्यावर जीलिबसी २.१४ मध्ये आला आणि तो दोघांनाही न्याय देणारा होता. जीलिबसीत प्रत्येक फंक्शनच्या नावासोबत आवृत्तीची खूण ठेवता येते. ६४ बिट एक्स८६ वर मेमकॉपीची मूळ खूण २.२.५ ची होती. त्या खुणेने मेमकॉपी मागणाऱ्या जुन्या बायनरीला, म्हणजे तयार कंपाइल झालेल्या प्रोग्रामला, यापुढे मेममूव्ह मिळेल असं ठरलं. नव्याने लिंक होणाऱ्या प्रोग्रामांना २.१४ ची खूण असलेली खरी, वेगवान मेमकॉपी. जुन्याला अभय, नव्याला नियम.

याची एक शेपूट अनेकांच्या पायात पुढची कित्येक वर्षं अडकली. नव्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या वितरणावर) बांधलेली बायनरी सेंटओएस ६ या जुन्या डिस्ट्रोवर नेली, की तिथली २.१२ ची लायब्ररी पाहून प्रोग्राम सुरूच व्हायचा नाही आणि 'जीलिबसी २.१४ सापडली नाही' अशा अर्थाचा संदेश यायचा. बरेचदा त्या सगळ्या बायनरीत २.१४ मागणारं नाव एकच असायचं, मेमकॉपी. सर्व्हरवर डिप्लॉयमेंट करणाऱ्या मंडळींना हा संदेश चांगलाच पाठ आहे. त्यामागे फ्लॅशचा आवाज आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

अर्ध्याचा हिशेब

फ्लॅश गेला, ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार अधिकृतपणे संपला. ती चूक मात्र आपल्या कोडमध्ये जिवंत असू शकते, आणि तिचं आवडतं घर म्हणजे बफर फ्लश करणारं, साठलेला माल बाहेर पाठवणारं फंक्शन.

चित्र असं. प्रोग्रामच्या बफरमध्ये ४०९६ बाइट साठले आहेत. ते सॉकेटवर (नेटवर्क जोडणीवर) पाठवायला आपण राइट हा सिस्टीम कॉल करतो. राइटने सगळे बाइट घ्यायलाच हवेत असं नाही. सॉकेट नॉनब्लॉकिंग (जागा नसेल तर वाट न पाहणारं) असेल किंवा समोरचा सावकाश वाचत असेल, तर तो थोडे घेतो आणि किती घेतले तेवढा आकडा परत देतो. उरलेले आपल्यालाच तोंडाशी सरकवून पुन्हा पाठवायचे असतात.

समजा राइटने ३००० घेतले. १०९६ उरले, ते ३००० पासून ४०९५ पर्यंतच्या घरांत आहेत, आणि जायचं आहे ० ते १०९५ मध्ये. पट्टे एकमेकांना शिवतही नाहीत. मेमकॉपी इथे पूर्ण कायदेशीर. आता समजा राइटने १००० च घेतले. ३०९६ उरले, स्रोत १००० पासून सुरू होतो आणि गंतव्य ३०९५ पर्यंत जातं. पट्टे चढले. नियम एका ओळीत मावतो: उरलेले बाइट गेलेल्यांपेक्षा जास्त असतील तेव्हाच पट्टे चढतात.

म्हणून ही चूक इतकी वर्षं लपून राहते. स्वतःच्या मशीनवर, लोकलहोस्टवर चाचणी घेतली तर राइट बहुतेक वेळा सगळेच बाइट घेतो. सरकवायला काही उरतच नाही. वाचण्याच्या बाजूलाही तेच. लॉगच्या छोट्या ओळी वाचणारा प्रोग्राम ४०९६ पैकी चारेक हजार बाइट वापरून टाकतो आणि शेवटची अर्धवट ओळ, पन्नास-साठ बाइटांची, पुढे आणतो. पट्टे दूर दूर. एखाद्या दिवशी छोट्या ओळीमागे तीन हजार बाइटांची अवाढव्य ओळ येते, आणि पहिल्यांदाच गेलेल्यांपेक्षा उरलेले जास्त होतात.

फ्लश फंक्शन लिहिताना परत आलेल्या आकड्याकडेही डोळे उघडे ठेवून पाहायला हवं. राइटने उणे एक दिला आणि तो न तपासता पॉइंटरमध्ये मिळवला, तर बफर एक बाइट मागे सरकतो आणि उरलेल्यांचा हिशेब एकाने फुगतो. सिग्नलमुळे अडथळा आला असेल तर तोच कॉल पुन्हा करायचा. 'आत्ता जागा नाही' असं उत्तर असेल तर बफरला हात न लावता परत फिरायचं. सरकवायचं ते फक्त खरोखर गेलेल्या बाइटांनंतर, आणि मेममूव्हने.

दर वेळी सरकवायलाच हवं असंही नाही. 'इथवर गेलं' असा एक इंडेक्स ठेवला आणि शेपटाकडे जागा संपेल तेव्हाच सरकवलं, तर कितीतरी काम वाचतं. राइट एकेक बाइट घेत असेल आणि आपण दर वेळी सरकवत असू, तर ४०९६ बाइट रिकामे करायला सुमारे ८४ लाख बाइटांची हलवाहलव होते. रिंग बफरमध्ये, म्हणजे शेवटाला पोचल्यावर पुन्हा सुरुवातीपासून भरणाऱ्या बफरमध्ये, तर सरकवणं उरतच नाही. वळसा घालून गेलेला माल राइटव्हीने दोन तुकड्यांत एकाच कॉलमध्ये पाठवता येतो.

फ्लश या शब्दाखाली आणखी एक गफलत वारंवार दिसते. सीमधल्या एफफ्लश या फंक्शनने डेटा प्रोग्रामच्या स्टडआयओ (सीची इनपुट-आउटपुट लायब्ररी) बफरमधून कर्नलकडे जातो, डिस्कवर नाही. डिस्कवर पोचल्याची खात्री हवी असेल तर त्यानंतर एफसिंक लागतो, आणि त्याचंही परत आलेलं उत्तर तपासावं लागतं. आपल्याकडे कॉलेजात टर्बो सी या जुन्या कंपायलरवर शिकलेल्या पिढ्यांच्या हातात स्कॅनएफनंतर स्टँडर्ड इनपुटवर एफफ्लश मारायची सवय बसलेली आहे. तीही मेमकॉपीच्याच जातीची चूक. स्टँडर्डने एफफ्लशचा अर्थ आउटपुट स्ट्रीमसाठी सांगितला आहे. टर्बो सीने आणि मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररीने इनपुट साफ करून दिला ही त्यांची मर्जी. लिनक्सवर आल्यावर टर्मिनलमधली न्यूलाइन तिथेच पडून राहते आणि एकेक अक्षर वाचणारा पुढचा गेटकार तीच उचलतो. ती न्यूलाइन येईपर्यंत गेटकारने वाचून टाकणं, हा कुठेही चालणारा उपाय.

आजची स्थिती आणि तपासणी

२०१६ च्या सुमारास जीलिबसीत ६४ बिट एक्स८६ साठी जी नवी अंमलबजावणी आली, तिच्यात मेमकॉपी आणि मेममूव्ह एकाच कोडवर उतरतात. म्हणजे आजच्या नेहमीच्या लिनक्स मशीनवर चुकीची मेमकॉपी पुन्हा गुपचूप बरोबर चालते. मेममूव्ह महाग पडते हा समज यामुळे निकालात निघाला. पण तोच कोड छोट्या मायक्रोकंट्रोलरच्या लायब्ररीवर किंवा दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेला की २०१० पुन्हा घडू शकतं. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमची मेमकॉपी तर पट्टे चढलेले दिसले की लॉगमध्ये नोंद करून प्रोग्राम तिथेच थांबवते. मला ती भूमिका पसंत आहे. गुपचूप नासलेल्या डेटापेक्षा थांबलेला प्रोग्राम दुरुस्त करायला सोपा.

स्वतःच्या कोडमध्ये शोध घ्यायचा तर मेमकॉपीच्या प्रत्येक कॉलमध्ये दोन्ही बाजूंना एकाच अ‍ॅरेचं नाव आहे का ते पाहा. जिथे असेल तिथे मेममूव्ह घाला. पट्टे चढतात की नाही याचा वाद घालत बसायची गरज नाही. मग चाचणीसाठी राइटच्या जागी एक बनावट फंक्शन लावा, जे प्रत्येक वेळी एकच बाइट घेतं. पूर्ण भरलेला बफर त्यातून रिकामा करताना शेवटच्या दोन सोडून सगळ्या फेऱ्यांत पट्टे चढणारच. हे व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली चालवलं तर त्यातलं मेमचेक स्रोत आणि गंतव्य एकमेकांवर चढल्याचं ओळीच्या क्रमांकासह सांगतं. त्यासाठी कंपाइल करताना डीबग माहिती ठेवा आणि बिल्टइन फंक्शनं बंद करा. नाहीतर कंपायलर छोट्या कॉपी थेट सूचनांत बदलून टाकतो, आणि जो कॉल झालाच नाही तो व्हॅलग्राइंडला दिसणार कसा? अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हा कंपायलरमधला तपासनीसही हीच चूक पकडतो आणि तो व्हॅलग्राइंडपेक्षा बराच वेगवान असल्यामुळे रोजच्या बिल्डमध्ये ठेवणं परवडतं.